वरून आलेला तडा

८ जानेवारी

धाकटे,

तुझी चित्रं पोचली. नळकांडं एका बाजूने चेपलंय, आतले कागद शाबूत आहेत. खुशाली विचारत बसत नाही. चोवीस वर्षं विचारली नाही, आता काय विचारायची.

आधी एक गैरसमज काढून टाक. हे काम मी तुझ्यासाठी घेतलेलं नाही. इस्पितळाचे इंजिनिअर साहेब स्वतः कारखान्यात आले आणि म्हणाले, एवढी जाड काच ओतणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. मी हो म्हटलं, मग त्यांनी कागदावरचं नाव दाखवलं. आधी दाखवलं असतं तर चहासुद्धा न देता परत धाडलं असतं. पण शब्द दिला तो दिला. बाबांच्या कारखान्यात शब्द फिरवायची पद्धत नाही.

आता कामाचं. माणसं ताटकळत बसतात त्या दालनाची अख्खी भिंत काचेची. सात सात लाद्यांच्या चार ओळी, वरून खाली पाणी उतरतंय असं कोरीव काम, मागून ऊन. बरं आहे. एकेक लादी दोन हात उंच, दीड हात रुंद, चार बोटं जाड. उचलायला चार माणसं लागतील. रेघ ओढायला तुला एक पेन्सिल लागली.

पण त्या पाण्यातून ही वाकडी रेघ कसली नेलीस? तिसरी, दहावी, सतरावी, अशा एकाखाली एक तीन लाद्या फाडून गेलीय. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तडा आहे तो. मॅडमनी मुद्दाम काढलाय."

मी म्हटलं, "तुमच्या मॅडमना कळवा, आमच्याकडे तडा गेलेला माल फेकून देतात."

इस्पितळात माणसं आधीच जीव मुठीत धरून बसलेली असतात. समोरची भिंत तडकलेली बघून तपासायच्या आधीच पळून जातील. तडा मी कोरणार नाही. दुसरं काहीतरी काढून पाठव.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस, आणि रडणाऱ्या माणसावर मला धड ओरडता येत नाही. लिहून पाठव. चौथीत शाळा सुटली असली तरी वाचता येतं मला.

मोठी


२९ जानेवारी

धाकटे,

दीड ओळीचं उत्तर पाठवलंस. "तडा नसेल तर भिंतही नाही." वा! साहेबही तुझीच री ओढतात. करारात लिहिलंय म्हणे, चित्रात फेरफार करायचा नाही. ठीक आहे, कोरते. माझ्या काय बापाचं जातंय? जायचं ते बापाचं गेलंच आहे.

तो तडा कशाचा हे मला कळत नाही असं समजू नकोस. तो माशाचा आहे. बाबांनी उभ्या जन्मात ओतलेली सगळ्यात मोठी काच, कारंज्यात बसवायचा अख्खा मासा, तुझ्या-माझ्याएवढा. एकोणीस दिवस भट्टीत हळूहळू निवायचा होता. पंधराव्या दिवशी दुपारी पाळी तुझी होती आणि तू झोपलीस. आग मंदावली. एकोणिसाव्या दिवशी बाबांनी झाकण काढलं तर माशाचे दोन तुकडे. सगळ्यांसमोर तूच म्हणालीस, "बाबा, मला डुलकी लागली होती." महिन्याभरात तू चित्रकलेच्या शाळेत निघून गेलीस, आणि बाबांनी परत मासा ओतला नाही.

हे सगळं भिंतीवर टांगून काय मिळणार आहे तुला? पुरलेलं उकरून काढायची हौस कसली?

आणि काढायचा तर नीट काढ. तुझा तडा खाली रुंद आहे आणि वर जाताना बारीक होतो. म्हणजे खालून सुरू झालेला. माशाचा तडा वरून आला होता. कल्ल्यापाशी सुरू होऊन खाली पोटाकडे उतरला होता. मोठी चित्रकार म्हणवतेस, एवढं तरी ठाऊक हवं.

उद्या पहिल्या दोन लाद्यांचे साचे भट्टीत चढतील. भट्टी आता विजेची आहे, पण झाकणाच्या फटीवर ओली माती लिंपायची आणि लिंपणाऱ्याने चारी बाजूंना अंगठा दाबायचा, ही बाबांची रीत मी सोडलेली नाही. मी फक्त लिंपत नाही. ते बुटकी करते. अकरा वर्षं झाली तिला इथे, प्लास्टर तीच कालवते. झाकणाला कुलूपही लावलंय, किल्ली तिच्या कमरेला असते. का, ते विचारू नकोस.

मोठी


६ मार्च

धाकटे,

सहा लाद्या निघाल्या, तड्याची तिसरी मागे ठेवलीय. सगळ्या शाबूत. तुझ्याकडून शाबासकी नकोय, काम पुढे सरकतंय एवढंच कळवते.

लोकांना वाटतं, काच म्हणजे ओतली की झाली. मातीत मी कोरते, मातीवर प्लास्टर ओतून साचा, साच्यातून माती खरवडून काढायची, मग साच्यात काचेची ढेकळं रचायची, ती वितळून पसरली की आठ दिवस नुसतं बसायचं. काच वरून गार दिसते आणि पोटात धगधगत असते. घाई केलीस की बाहेरचं आखडतं, आतलं आखडत नाही, आणि ती स्वतःलाच फाडते. मलाही असंच होतं, असं बुटकी म्हणते. तिचं तोंड फार चालतं.

पाचवी लादी मागच्या दाराशी उन्हात उभी केली. तुझ्या कागदावर तिथे नुसत्या तीन वळणाच्या रेघा होत्या. खोली किती घ्यायची ते मी ठरवलं. जमिनीवर पाणी हललं. खरं सांगते, बुटकी बाजूला सरकली, पाय भिजतील म्हणून. तुझी रेघ बरी आहे. बरी म्हटलं मी, चांगली नाही म्हटलं.

आता तुझा प्रश्न. "तडा वरून आला हे तुला कसं माहीत, ताई?" ताई म्हणून लोणी लावू नकोस. काचेवर दिसतं. तुटलेल्या कडेवर लाटा उमटतात, जिथून तडा निघाला तिथे त्या दाट असतात. कारखान्यात राहिलं की कळतं. तू लिहितेस, बाबांनी ते तुकडे कुणाला बघूच दिले नाहीत, त्याच संध्याकाळी पोत्यात भरून मागे पुरले. असेल. मी मोठी आहे, मला माहीत असतं.

आणि माझी उलटतपासणी घ्यायच्या आधी तू सांग, बाबा गेले तेव्हा का आली नाहीस? "कळवलंच उशिरा" म्हणतेस. तिसऱ्या दिवशी कळवलं. आधीचे दोन दिवस मी त्यांची पेटी आवरत होते. तुझ्याकडे विमानं आहेत, माझ्याकडे दोन हात.

मोठी


२ एप्रिल

धाकटे,

आठ पानांचं पत्र लिहायला तुला वेळ कुठून मिळतो? बुटकीकडून वाचून घेतलं, डोळे दुखायला लागले म्हणून. तिने तिसऱ्या पानावर पदर डोळ्याला लावला. चौथ्या पानापासून मीच वाचलं.

म्हणजे तू चोवीस वर्षांत एकदाही काच ओतली नाहीस. नुसती चित्रं काढतेस आणि ओतायला दुसऱ्यांकडे देतेस. एवढ्या इमारतींवर तुझं नाव, आणि भट्टी पेटवलेल्या खोलीत तू पाऊल टाकत नाहीस. का, तर बाबा तेव्हा म्हणाले होते, "हिच्या हाताला भट्टी लागत नाही."

बाबा रागात काहीही बोलायचे. मला तर रोज बोलायचे. मी काय विहिरीत उडी मारली? एका वाक्यासाठी माणसाने हात बांधून घ्यायचे म्हणजे नाटक आहे नुसतं. आणि लहानपणी हात तुझाच चांगला होता. मी नऊ वर्षांची असताना माझा अंगठा काचेने हाडापर्यंत कापला, तेव्हा तू सहा वर्षांची, फडकं तूच बांधलं होतंस. गाठ इतकी घट्ट की बाबांना कात्री घ्यावी लागली. तो व्रण अजून आहे, अंगठ्यावर आडवा.

दहावी लादी आत आहे. तड्याच्या तिघींतली पहिली. आज पाचवा दिवस. सकाळी मी झाकणापाशी उभी होते, तर बुटकी मागून म्हणाली, "काय हवंय?"

"किल्ली दे."

"चार दिवसांनी."

"भट्टी माझी आहे की तुझी?"

"भट्टी तुमची. किल्ली माझी. तुम्हीच सांगितलंय, मी पाया पडले तरी देऊ नकोस म्हणून. अजून तर पायाही पडला नाहीत."

मी तिला वाट्टेल ते बोलले. ती प्लास्टर चाळत राहिली.

भिंत पूर्ण झाल्यावर तू येणार म्हणतेस. येऊ नकोस. जागा नाही. तुझ्या खोलीत साचे रचलेत.

मोठी


११ मे

साहेब आज तुझा मजकूर घेऊन आले. भिंतीशेजारी छातीच्या उंचीवर काचेची छोटी पाटी, तिच्यात अक्षरं कोरायची. "माझ्या हातून तडकलेल्या एका काचेसाठी." खाली तुझं नाव.

साहेब म्हणाले, "किती छान लिहिलंय ना, मॅडमनी?"

मी त्यांना दार दाखवलं.

ही पाटी मी कोरणार नाही. करार फाडून टाक, माणसं पाठव, पोलीस पाठव. कोरणार नाही म्हणजे नाही.

मोठी


१४ मे

धाकटे,

तीन दिवस झाले, जेवणाचं ताट तसंच परत करतेय. बुटकी म्हणते डॉक्टरांना दाखवा. तिला म्हटलं, डॉक्टरांची भिंतच तर करतेय.

नीट वाच. परत लिहिणार नाही.

मासा तू फोडला नाहीस.

पंधराव्या दिवशी दुपारी मी भट्टीकडे आले तेव्हा तू स्टुलावर बसून, भिंतीला डोकं टेकून झोपली होतीस. खरं आहे ते. पण आग चांगली चालू होती. उष्णतेचा काटा जिथे हवा तिथेच होता. तू झोपलीस त्याने काही बिघडलं नव्हतं. तुझ्या मांडीवर चित्रकलेच्या शाळेचा लिफाफा होता, फोडलेला. मी वाचला. तुला घेतलं होतं.

त्या माशाची माती मी कोरली होती, धाकटे. प्रत्येक खवला. बाबांनी फक्त डोळा केला आणि लोकांना सांगितलं, "माझा मासा." आणि तू चाललीस शिकायला. मला वाटलं, निदान सगळ्यांच्या आधी मी बघेन. एकदाच. पहारीने मी झाकणाची एक बाजू चार बोटं उचलली.

तो असा लालसर दिसत होता, जिवंत. एवढंच दिसलं. मग आवाज आला. टण्. भांडं पडल्यासारखासुद्धा नाही, त्याहून बारीक. वरून गार वारा त्याच्या कल्ल्याला लागला होता.

मी झाकण ठेवलं. एका बाजूची माती निखळली होती. ओली माती घेऊन लिंपली आणि अंगठा दाबला, कारण अंगठ्याशिवाय फट लगेच ओळखू आली असती. मग तुझ्या खांद्याला हलवलं आणि म्हटलं, "झोपलीस होय गं? आगीकडे बघ." तू घाबरून उठलीस आणि तेलाची चावी वाढवलीस. आग कमी नव्हतीच. तेव्हापासून तुला वाटतं, कमी होती.

आणि एकोणिसाव्या दिवशी तू सगळ्यांसमोर कबूल झालीस, तेव्हा मी मागे उभी राहून काय म्हणाले ते तुझ्या आठ पानांत नाही. तू विसरली असशील किंवा मुद्दाम लिहिलं नसशील. मी म्हणाले, "लाड करा अजून तिचे."

आता बाबांचं. बाबा गेले त्या दिवशी मी त्यांची पेटी उघडली, चष्मा काढायला. चष्म्याच्या खाली फडक्यात गुंडाळलेला भाजलेल्या मातीचा तुकडा होता. झाकणावरची माती. तिच्यात अंगठा, आणि अंगठ्यावर आडवा व्रण. त्या वेळी माती तू लिंपली होतीस, चारी अंगठे तुझे असायला हवे होते. तीन तुझे निघाले असतील, चौथा माझा. माती फोडून झाकण त्यांनीच काढलं. म्हणजे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. तरी ते तुझ्याकडे वळले आणि हाताबद्दल ते वाक्य बोलले.

त्यांनी मला वाचवलं असं मनात आणू नकोस. त्यांनी भट्टी वाचवली. तू जाणारच होतीस, तुझा लिफाफा आला होता. माझ्यावर आळ आला असता तर मीही निघून गेले असते, मग माती कुणी कोरली असती? मला ठेवलं आणि जुंपलं. पण त्या दिवसापासून एकदाही मला एकटीला झाकण उघडू दिलं नाही. मी समजत होते, म्हाताऱ्याला हौस आहे. बावीस वर्षं मी तसंच समजत राहिले.

म्हणून तुला तिसऱ्या दिवशी कळवलं. तू आली असतीस, पेटी बघितली असतीस. दोन दिवस मी तो तुकडा कुठे फेकायचा ते ठरवत होते. फेकला नाही. का, ते मला माहीत नाही आणि तू सांगूही नकोस.

माफी मागत नाही. कागदावर मागितली तर तू तिला चौकट करून कुठल्यातरी इमारतीवर लावशील.

मोठी


३० जून

धाकटे,

दीड महिना तुझं पत्र नाही. बरोबर आहे. मीही लिहिलं नसतं. फोन एकदा वाजला, उचलला, पलीकडे कुणी बोललं नाही. श्वास ओळखला मी. तूच असशील तर पुढच्या वेळी शिव्या दे, नुसता श्वास ऐकायला माझ्याकडे वेळ नाही.

भिंत उभी राहिली. काल शेवटची लादी बसली. करारात फेरफार चालत नाही, तरी मी दोन केले आहेत. साहेबांना अजून कळलेलं नाही, त्यांना भिंतीपेक्षा फीत कोण कापणार याची काळजी. तुला सांगून टाकते.

पहिला. दहावी लादी मी फोडली. धड निघाली होती, एक बुडबुडा नाही, पण तडा तुझ्या चित्राप्रमाणे खालून वर होता. बुटकीने माझ्या हातातला हातोडा अडवून धरला. म्हणाली, "एवढी चांगली काच! वेड लागलंय का?" मी म्हटलं, "काच चांगली आहे, पण खोटं बोलते." मग तिसरी, दहावी, सतरावी, तिन्हींची माती नव्याने कोरली. आता तडा वर रुंद आहे आणि खाली पाण्यात विरून जातो. वरून आलेला. ज्यांना कळतं त्यांना कळेल. बाकीच्यांना वाटेल, वीज आहे. कालच एक बाई मुलीला सांगत होती, "बघ, झाडाचं मूळ."

दुसरा, पाटी. तुझी अक्षरं कोरली नाहीत. बाबांच्या पेटीतल्या त्या तुकड्यावरच साबणाचं पाणी फिरवून प्लास्टर ओतलं, त्या साच्यात काच. पाटीवर अक्षर एकही नाही, नाव कुणाचंच नाही. नुसता एक अंगठा, आत दबलेला, आडव्या व्रणाचा. आत्ताचा नाही, त्या दुपारचा. लोक म्हणतील, शिकलेल्या चित्रकार बाईंनी सहीच्या जागी अंगठा कसा उठवला? म्हणू देत. सही माझी आहे. मला तेवढीच येते.

ताटकळत बसलेली माणसं येऊन त्यात आपला अंगठा घालून बघतात. आज सकाळी एका म्हाताऱ्याने घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी लांबून बघत होते. मला त्याला हाकलावंसं वाटलं.

मातीचा तुकडा या पत्राबरोबर खोक्यात ठेवलाय, भुशात. प्लास्टर सोडवताना एक कोपरा उडाला, अंगठा शाबूत आहे. तो तुझ्याकडे असू दे. इथे होता तोवर मला झोप नव्हती, आता तुझी उडू दे थोडी.

तुला पाटी पसंत नसेल तर घासून गुळगुळीत करता येते. पण मी घासणार नाही आणि बुटकीलाही सांगून ठेवलंय, तिनेही घासायची नाही. घासायचा दगड कारखान्यातच आहे. ज्याची पाटी त्याने घासावी.

आणि एक. भट्टीत एका लादीची जागा मोकळी ठेवलीय. माती तुझ्या खोलीत, ओल्या गोणपाटाखाली. साचे तिथून हलवलेत. आठ दिवस निवायला लागतात आणि मला पाळी धरायला माणूस हवंय, बुटकी गावाला चाललीय. झोपलीस तरी चालेल. आग आता आपोआप चालते. फक्त किल्ली तुझ्या कमरेला राहील, आणि मी कितीही ओरडले तरी नवव्या दिवसाच्या आधी द्यायची नाही.

मोठी